दार कोणासाठी उघडे? : फाइल सर्व्हरवरील परवानग्यांचा एक पाठ



या पाठाची सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करणार आहे. शिक्षकाची चूक विद्यार्थ्यांच्या जास्त लक्षात राहते, हा माझा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत संगणक शिकवीत होतो. सहामाही परीक्षेला तीन दिवस उरले होते. संध्याकाळच्या प्रेपची घंटा झाली आणि अकरावीतला एक कॅडेट प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत यायची परवानगी मागितली, आत आला, पण बोलेना.

"काय रे, काय झालं?"

"सर, मला जे दिसायला नको ते दिसतंय."

तो वार्षिकांकाच्या समितीत होता. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे शाळेच्या सर्व्हरवर चढवायला बसला होता. चुकून एक पायरी वर गेला, तिथे 'परीक्षा' नावाचे फोल्डर दिसले, क्लिक केले आणि ते उघडले. आतली पहिली फाइल गणिताची प्रश्नपत्रिका होती. पहिले पान डोळ्यांसमोर आले तसे त्याने ते बंद केले आणि सरळ माझ्याकडे आला.

चूक माझी होती. आदल्या रविवारी छायाचित्रे चढवताना समितीच्या मुलांना 'परवानगी नाकारली' असा संदेश येत होता. मला रजेवर निघायची घाई होती. कारण शोधत न बसता मी वरच्या फोल्डरवर एक आज्ञा दिली : आतल्या सगळ्याला ७७७. संदेश यायचा थांबला. मुले खूश, मीही खूश. त्याच वरच्या फोल्डरखाली 'परीक्षा' होते, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

त्या रात्री सर्व्हर बंद केला. सर्व विषयांच्या प्रश्नपत्रिका नव्याने काढाव्या लागल्या. सहकाऱ्यांनी दोन रात्री जागून त्या काढल्या. कोणी मला बोलले नाही, पण मला कळायचे ते कळले. त्या मुलाचे वर्गमित्र मात्र त्याला बोलले. "गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?" असे म्हणून दोन दिवस त्यांनी त्याच्याशी अबोला धरला.

त्या मुलाने त्याचे कर्तव्य केले. मी माझे केले असते, तर त्याच्यावर ती वेळच आली नसती. परवानग्या नीट लावणे म्हणजे चोराला अडवणे एवढेच नव्हे. प्रामाणिक मुलाला नको त्या कसोटीत न लोटणे हेही त्यात आले. म्हणून हा पाठ.

(सूचना : हे मराठी पान असल्याने आज्ञा आणि नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर आज्ञा रोमन लिपीत टाइप कराव्यात. उदाहरणे लिनक्स सर्व्हरची आहेत.)

१. थोडी पार्श्वभूमी

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइल पाठवण्याच्या नियमांना फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे एफटीपी, म्हणतात. हे नियम प्रथम लिहून काढले ते एका भारतीयाने. अलाहाबादचे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये हा मसुदा लिहिला. आरएफसी ११४ या क्रमांकाने तो ओळखला जातो. पुढे १९८५ मध्ये आरएफसी ९५९ आला आणि आज ज्याला आपण एफटीपी म्हणतो त्याचे रूप ठरले.

तो काळ एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या संशोधकांचा होता. साध्या एफटीपीत नाव आणि पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. मध्ये कान लावून बसलेल्याला तो वाचता येतो. म्हणून आता एसएफटीपी वापरतात. नाव मिळतेजुळते असले तरी ही वेगळी पद्धत आहे. ती एसएसएच या सांकेतिक जोडणीतून चालते आणि सर्वसाधारणपणे २२ क्रमांकाचे पोर्ट वापरते.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एसएफटीपी फक्त वाट सुरक्षित करते. वाटेने आत आलेल्या माणसाने कोणत्या खोलीत जावे, हे परवानग्याच ठरवतात.

२. तीन माणसे आणि तीन हक्क

लिनक्सवर प्रत्येक फाइलला आणि डिरेक्टरीला (फोल्डरला) एक मालक आणि एक गट असतो. त्यानुसार माणसांचे तीन वर्ग पडतात : मालक, गटातले आणि इतर.

हक्कही तीनच : वाचन, लेखन आणि प्रवेश. मी वर्गात 'वा-ले-प्र' असे पाठ करून घेतो. प्रत्येकाला एक किंमत असते :

वाचन = ४
लेखन = २
प्रवेश = १

ज्याला जे हक्क द्यायचे त्यांची बेरीज करायची. तिन्ही हक्क म्हणजे ७, वाचन आणि प्रवेश म्हणजे ५, काहीच नाही म्हणजे ०. मग मालक, गट, इतर या क्रमाने तीन अंक लिहायचे. ७५० म्हणजे मालकाला सर्व, गटाला वाचन आणि प्रवेश, इतरांना काही नाही. माझे ते ७७७ म्हणजे सर्वांना सर्व काही : मेन गेट, गार्ड रूम, कोत आणि प्राचार्यांचे कार्यालय, सगळे सताड उघडे.

संगणक हे हक्क तपासतो कसे, हेही समजून घ्या. तुम्ही मालक असाल तर फक्त मालकाचा अंक पाहिला जातो. मालक नसाल पण गटात असाल तर फक्त गटाचा अंक. दोन्ही नसाल तरच इतरांचा. जो वर्ग आधी लागू पडला तिथेच निकाल लागतो. पुढचा अंक जास्त उदार असला तरी उपयोग नाही. या नियमाचा आपण पुढे मुद्दाम उपयोग करणार आहोत.

३. फाइल वेगळी, डिरेक्टरी वेगळी

परीक्षेत सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि प्रत्यक्ष कामातही.

फाइलच्या बाबतीत अर्थ सरळ आहे. वाचन म्हणजे मजकूर पाहणे, लेखन म्हणजे तो बदलणे आणि प्रवेशाचा जो हक्क आहे तो फाइलला 'प्रोग्राम म्हणून चालवणे' असा लागू होतो.

डिरेक्टरीला हाच अर्थ लावला की घोटाळा होतो. डिरेक्टरी म्हणजे मुळात नावांची एक यादी. हाउसच्या बॉक्स रूमचे उदाहरण घेऊ. समजा खोलीत कोणाच्या ट्रंका आहेत याची यादी दारावर लावली आहे.

वाचन म्हणजे ती यादी वाचण्याचा हक्क. आत काय काय आहे ते कळेल, पण तेवढेच.

प्रवेश म्हणजे उंबरठा ओलांडण्याचा हक्क. आत जाता येईल आणि नेमके नाव माहीत असेल तर त्या ट्रंकेपर्यंत पोहोचता येईल. ट्रंक उघडेल की नाही हे ट्रंकेच्या कुलपावर, म्हणजे त्या फाइलच्या परवानगीवर, अवलंबून.

लेखन म्हणजे यादीत नाव घालण्याचा, खोडण्याचा आणि बदलण्याचा हक्क. म्हणजे नवी फाइल टाकणे, असलेली पुसणे, तिचे नाव बदलणे. यासाठी जोडीला प्रवेशही लागतो. उंबरठा ओलांडल्याशिवाय काही करता येत नाही.

आता यातून निघणारी गोष्ट पाहा. फाइल पुसण्याचा हक्क फाइलच्या परवानगीवर ठरत नाही, डिरेक्टरीच्या परवानगीवर ठरतो. तुम्ही तुमच्या निबंधाच्या फाइलवरून इतरांचे सर्व हक्क काढून घेतलेत, तरी ती ज्या डिरेक्टरीत आहे तिथे दुसऱ्याला लेखन आणि प्रवेश असेल, तर तो ती फाइल पुसू शकतो. वाचू शकणार नाही, पण पुसू शकेल. ट्रंकेला भक्कम कुलूप आहे, पण अख्खी ट्रंकच कोणी खिडकीतून बाहेर फेकली, अशातला प्रकार.

आणखी एक. खोलवरच्या फाइलपर्यंत जायचे तर वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीत प्रवेशाचा हक्क लागतो. मधले एक दार बंद असेल तर पुढची सगळी दारे उघडी असून उपयोग नाही. 'परवानगी नाकारली' हा संदेश आला की माणसे शेवटचेच दार तपासत बसतात. त्या रविवारी मीही तेच केले, आणि शेवटी वैतागून सगळीच दारे काढून टाकली. खरा दोष एवढाच होता, की समितीतल्या नव्या मुलांची नावे गटात घातलेली नव्हती.

४. आणखी तीन साधने

वा-ले-प्र समजले की पुढची तीन साधने जड जात नाहीत.

पहिले, सेट-जीआयडी. नवी फाइल तयार झाली की एरवी तिला तयार करणाऱ्याचा मुख्य गट मिळतो. डिरेक्टरीवर ही खूण असेल तर आत तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलला डिरेक्टरीचा गट मिळतो. आत नवी डिरेक्टरी केली तर तिलाही गट आणि खूण दोन्ही मिळतात. तीन अंकांच्या आधी चौथा अंक लिहितात. तिथे या खुणेची किंमत २.

दुसरे, स्टिकी बिट. याची किंमत १. ही खूण असलेल्या डिरेक्टरीत लेखनाचा हक्क असला तरी दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही किंवा तिचे नाव बदलता येत नाही. ते करू शकतात फक्त तिघे : फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि यंत्राचा मुख्य प्रशासक, ज्याला रूट म्हणतात. लिनक्समधली 'टेम्प' ही सर्वांसाठी खुली असलेली डिरेक्टरी १७७७ असते ती याचसाठी.

तिसरे, यूमास्क. नव्या फाइलला जन्मतः कोणते हक्क मिळू नयेत, हे यूमास्क सांगतो. फाइल ६६६ पासून आणि डिरेक्टरी ७७७ पासून सुरू होते; त्यातून यूमास्कमधले हक्क काढून घेतले जातात. यूमास्क ०२७ असेल तर फाइल ६४० होते आणि डिरेक्टरी ७५०. ही साधी वजाबाकी नाही, हे ध्यानात घ्या. ६ मधून ७ वजा होत नाहीत. जो हक्क मुळात नव्हता तो काढायचा प्रश्नच येत नाही, म्हणून शेवटी ० उरतो.

५. आधी कागदावर

आता एका शाळेचा सर्व्हर उभा करू. यंत्राला हात लावण्यापूर्वी कागद घ्या आणि प्रत्येक डिरेक्टरीसाठी चार प्रश्न लिहा : कोणी पाहावे? कोणी टाकावे? कोणी पुसावे? आणि ही गोष्ट इथे असायलाच हवी का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. माझ्या त्या प्रसंगात प्रश्नपत्रिका मुलांच्या छायाचित्रांशेजारी असण्याचे काहीच कारण नव्हते. कितीही चोख परवानगी लावली तरी एखादी चूक केव्हातरी होतेच. म्हणून आपल्या आराखड्यातून प्रश्नपत्रिका पहिल्याच फेरीत बाद. त्या वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कपाटात राहतील. उरल्या तीन डिरेक्टरी.

सूचना. कार्यालयाने लिहावे, शाळेतल्या सर्वांनी वाचावे.

पेटी. कॅडेटांनी गृहपाठ टाकावा, शिक्षकांनी घ्यावा. एका कॅडेटला दुसऱ्याचा गृहपाठ दिसू नये.

छायाचित्रे. मासिक समितीतल्या सर्वांनी टाकावे आणि पाहावे, पण एकाने दुसऱ्याचे पुसू नये. छाटणी संपादक-शिक्षकांनी करावी.

त्यावरून गट ठरतात : 'शाळा' (सर्वजण), 'शिक्षक' आणि 'मासिक'. हक्क नेहमी गटाला द्यावा, व्यक्तीला नाही. मुले पास होऊन जातात, समित्या बदलतात. दर जूनमध्ये गटातली नावे बदलली की काम झाले. डिरेक्टरींना हात लावावा लागत नाही.

६. प्रत्यक्ष मांडणी

पायरी पहिली : कुंपण. सर्व वापरकर्त्यांना एका डिरेक्टरीत कोंडून ठेवायचे, म्हणजे त्यांना बाकीचे यंत्र दिसतच नाही. याला क्रूट म्हणतात. आपली डिरेक्टरी 'एसआरव्ही' खाली 'शाळा' या नावाने करू. तिचा मालक रूट, गट 'शाळा', परवानगी ७५०.

इथे ओपनएसएसएचचा एक कडक नियम आहे. कुंपणाची डिरेक्टरी आणि तिच्यापर्यंतच्या वाटेवरची प्रत्येक डिरेक्टरी रूटच्या मालकीची हवी, आणि रूटशिवाय कोणालाही तिथे लेखनाचा हक्क नको. तसे नसेल तर सर्व्हर कोणालाच आत घेत नाही आणि नोंदवहीत 'क्रूट डिरेक्टरीची मालकी किंवा परवानगी चुकीची' अशा अर्थाची ओळ लिहितो. नवशिक्यांचा अर्धा दिवस इथे जातो. पण नियम योग्य आहे : ज्याला आत ठेवायचे त्याच्याच हाती कुंपणाच्या तारा देऊ नयेत. व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरचीही अशीच सक्ती असते. ती बंद करणारी एक ओळ इंटरनेटवर लगेच सापडते. ती लिहू नका. कुंपणाच्या आत एक वेगळी डिरेक्टरी करा आणि लेखनाचा हक्क तिच्यावर द्या. आपण नेमके तेच करत आहोत.

पायरी दुसरी : एसएसएचच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'मॅच ग्रुप शाळा' अशी ओळ घालून तिच्याखाली तीन गोष्टी लिहा. क्रूट डिरेक्टरी कोणती. फोर्स कमांड म्हणून 'इंटर्नल-एसएफटीपी' आणि त्याला 'उणे यू ०२७', म्हणजे यूमास्क. आणि टीसीपी फॉरवर्डिंग बंद. आता 'शाळा' गटातल्या कोणालाही फाइल पाठवण्या-घेण्यापलीकडे काही करता येणार नाही. सेटिंग लागू करण्यापूर्वी 'एसएसएचडी उणे टी' ही आज्ञा देऊन ती तपासा, आणि तपासणी संपेपर्यंत आपली आधीची जोडणी बंद करू नका. नाहीतर चूक झाल्यावर आपणच बाहेर राहतो.

पायरी तिसरी : आतल्या डिरेक्टरी. आधी 'सीएचओन' आज्ञेने मालक आणि गट लावा, मग 'सीएचमॉड' आज्ञेने परवानगी.

सूचना : मालक कार्यालय, गट शाळा, परवानगी २७५०.
पेटी : मालक विषय-शिक्षक, गट शिक्षक, परवानगी ३७७३.
छायाचित्रे : मालक संपादक-शिक्षक, गट मासिक, परवानगी ३७७०.

एकेक अंक उलगडून पाहू.

सूचना, २७५०. कार्यालय लिहील. त्याने टाकलेल्या फाइलला २ या खुणेमुळे 'शाळा' गट मिळेल आणि यूमास्कमुळे ६४० परवानगी. म्हणजे शाळा गटातल्या सर्वांना वाचता येईल, बदलता येणार नाही.

छायाचित्रे, ३७७०. पहिला ३ म्हणजे २ अधिक १, दोन्ही खुणा. समितीचा प्रत्येक सदस्य फोटो टाकेल, इतरांचे पाहील, पण स्टिकी बिटमुळे फक्त स्वतःचे पुसेल. संपादक-शिक्षक डिरेक्टरीचे मालक असल्याने कोणताही फोटो काढू शकतील. समितीबाहेरच्यांना ०.

पेटी, ३७७३. हा या पाठाचा गाभा. शेवटचा अंक ३, म्हणजे लेखन आणि प्रवेश आहे, वाचन नाही. कॅडेट 'शिक्षक' गटात नसल्याने त्याला इतरांचा अंक लागू होतो. तो फाइल टाकू शकतो, पण आतली यादी पाहू शकत नाही. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकता येते, हात घालून दुसऱ्याचे काढता येत नाही, तसेच. पत्रपेटी कधीकधी गदागदा हलवून पाहिली जाते, म्हणून पुढचा प्रश्न विचारू : दुसऱ्याच्या फाइलचे नाव ओळखले तर? प्रवेश आहे म्हणजे तिच्यापर्यंत पोहोचता येईल. पण ती फाइल ६४० आहे, तिचा गट 'शिक्षक' आहे, आणि वाचायला येणारा कॅडेट 'इतर' आहे. त्याच्या वाट्याला ०. पुसायला गेला तर स्टिकी बिट अडवतो. त्याच नावाने स्वतःची फाइल चढवायला गेला तर जुनी फाइल त्याच्या मालकीची नसल्याने नकार मिळतो. तिन्ही वाटा बंद.

आणि 'इतर' म्हणजे जगातले कोणीही नव्हे. कुंपणाची डिरेक्टरी ७५० असल्याने 'शाळा' गटाबाहेरचा माणूस पेटीपर्यंत पोहोचतच नाही. पेटीच्या शेवटच्या अंकात आपण उदार होऊ शकलो ते बाहेरचे दार कडक ठेवले म्हणून.

पेटी वापरताना दोन गोष्टी सांभाळा. फाइलच्या नावात हजेरी क्रमांक घाला. सगळ्यांनी 'गृहपाठ' हेच नाव दिले तर पहिल्याची फाइल चढेल आणि बाकीच्यांना नकार मिळेल. कोणी खोडसाळपणे दुसऱ्याच्या क्रमांकाने फाइल टाकली, तर शिक्षकांना फाइलचा मालक पाहून ती कोणाची ते लगेच कळते. दुसरे, पेटी उघडताना 'यादी मिळाली नाही' असा संदेश येईल. तो बिघाड नाही. यादी मिळू नये, हाच तर हेतू आहे.

७. 'नाही'ची चाचणी

मांडणी झाली की आपण सहसा एवढेच पाहतो, की जे व्हायला हवे ते होते का. ७७७ ही चाचणी नेहमीच उत्तीर्ण होते! खरी परीक्षा उलटी : जे व्हायला नको ते होत नाही ना?

म्हणून एक चाचणीचे कॅडेट-खाते करा. त्याने आत शिरा आणि कागदावरच्या प्रत्येक 'नाही'वर एकेक करून धडक मारा. सूचना पुसून पाहा. पेटीची यादी मागा. दुसऱ्याची फाइल तिच्या अचूक नावाने मागा. छायाचित्रांत शिरून पाहा. कुंपणाच्या वर जायचा प्रयत्न करा. प्रत्येक ठिकाणी नकार आला की त्या ओळीपुढे खूण करा. रात्रीचा गार्ड फेरी मारताना कुलूप दिसते म्हणून पुढे जात नाही, हाताने ओढून पाहतो. तसेच हे.

एखाद्याला नव्याने गटात घातले असेल तर त्याने एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे. चालू जोडणीला नवा गट लागू होत नाही. हे ठाऊक नसले की माणूस पुन्हा ७७७ कडे धावतो.

८. ७७७ झालेच असेल तर

कोणी आधीच तसे करून ठेवले असेल, तर आता सगळ्याला ७५० देऊन भागत नाही. त्याने साध्या फाइलही 'चालवण्याजोग्या' राहतात. डिरेक्टरी आणि फाइल वेगळ्या काढाव्या लागतात. 'फाइंड' आज्ञेने फक्त डिरेक्टरी निवडून त्यांना त्यांची परवानगी द्या, मग फक्त फाइल निवडून त्यांना ६४० द्या, आणि शेवटी तिन्ही डिरेक्टरींच्या खुणा तपासा. पसरवायला एक ओळ लागली, आवरायला एक संध्याकाळ गेली.

९. शेवटचे

जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या रक्षणावर एक लेख लिहिला. त्यातली दोन तत्त्वे आजही शिकवली जातात. प्रत्येकाला कामापुरताच हक्क द्या. आणि मुळात उत्तर 'नाही' असू द्या. 'हो' म्हणायला कारण लागले पाहिजे. गणवेशातल्या कोणालाही हे नवे नाही. कोतातली रायफल नोंदवहीत सही केल्याशिवाय हाती येत नाही, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

उलट बाजूही सांगतो. दार उघडे सापडले म्हणजे आत जायचा हक्क मिळाला, असे नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याबद्दल आणि त्यातली माहिती उतरवून घेण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली शिक्षा होते. पण कायद्याच्याही आधी तो अकरावीतला मुलगा आठवा. त्याने पान बंद केले, फाइल उतरवून घेतली नाही, मित्रांना दाखवली नाही, आणि ज्याचे ते काम होते त्याला त्याच संध्याकाळी सांगितले. उघडे दार सापडल्यावर करायच्या एवढ्याच गोष्टी असतात.

परीक्षेनंतर मी त्याला बोलावून विचारले, "मित्र बोलायला लागले का?"

"लागले, सर. नवा पेपर सोपा होता म्हणाले."

पुढच्या सत्रात सर्व्हरची मांडणी आम्ही नव्याने केली. 'नाही'च्या चाचणीची यादी त्याने लिहिली होती.

स्वाध्याय

१. एका डिरेक्टरीवर तुम्हाला फक्त वाचनाचा हक्क आहे, प्रवेशाचा नाही. आतल्या फाइलचा मजकूर वाचता येईल का?
२. तुमची फाइल ६०० आहे, पण डिरेक्टरी ७७७ आहे. दुसरा कॅडेट ती फाइल वाचू शकेल का? पुसू शकेल का?
३. यूमास्क ००७ असेल तर नव्या फाइलची आणि नव्या डिरेक्टरीची परवानगी काय होईल?
४. पेटीची परवानगी ३७७३ ऐवजी १७७३ लावली, तर शिक्षकांना कोणती अडचण येईल?
५. तुमच्या हाउसच्या क्रीडा-नोंदींसाठी एक डिरेक्टरी करायची आहे : हाउस कॅप्टनने लिहावे, हाउसमधल्या सर्वांनी वाचावे, बाकी कोणी पाहू नये. मालक, गट आणि परवानगी लिहा.

उत्तरे : १. नाही, नावे कळतील, फाइलपर्यंत पोहोचता येणार नाही. २. वाचू शकणार नाही, पण पुसू शकेल. ३. फाइल ६६०, डिरेक्टरी ७७०. ४. सेट-जीआयडी नसल्याने फाइलला कॅडेटचा स्वतःचा गट मिळेल, 'शिक्षक' गट मिळणार नाही. ६४० असलेली ती फाइल शिक्षकांना वाचता येणार नाही, आणि त्या कॅडेटच्या गटातल्या मुलांना मात्र नाव माहीत असल्यास वाचता येईल. ५. मालक हाउस कॅप्टन, गट हाउस, परवानगी २७५०, यूमास्क ०२७.